अंगणवाडीतल्या ताईंस, एका तळहाताबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

खरे तर हे सारे आपल्याला प्रत्यक्ष भेटून सांगायला हवे होते. त्यासाठी दोनदा अंगणवाडीच्या दारापर्यंत आले आणि परत फिरले. एकदा आपण मुलांची वजने घेत होतात. दुसऱ्या वेळी सरकारच्या ‘पोषण ट्रॅकर’ ॲपवर माहिती भरायची होती आणि रेंज मिळेना म्हणून मोबाइल उंच धरून ओट्यावर उभ्या होतात. शिवाय समोर बसून बोलायला लागले असते, तर माझा गळा दाटून आला असता आणि सांगायचे ते राहूनच गेले असते. म्हणून हे उघड पत्र.

माझा मुलगा जूनमध्ये आपल्याकडे आला तेव्हा साडेतीन वर्षांचा होता आणि हिरव्या रंगाचे काहीही त्याच्या तोंडात जात नव्हते. वरणातली कोथिंबीर तो एकेक पान करून वेचायचा आणि ताटाच्या कडेला चिकटवून ठेवायचा. पुण्यात आम्ही त्याला ज्या बालवाडीत घातले होते, तिचे नाव मी येथे घेत नाही. तिच्या भिंतींवर गाजर, टोमॅटो आणि ब्रोकोली यांची हसरी चित्रे होती, आणि त्याच भिंतींखाली डबा संपेपर्यंत मुलाला जागेवरून उठू देत नसत. एका दुपारी त्याला आणायला गेले, तेव्हा सगळी मुले निघून गेली होती आणि हा एकटा भिंतीशी बसून होता. गाल फुगलेला. पालकाचा घास त्याने अर्धा तास गालात धरून ठेवला होता. गिळवत नव्हता आणि थुंकायची परवानगी नव्हती. तो घास मी रिक्षात बोटाने काढला. त्यानंतर नुसता डबा दिसला तरी तो रडू लागे. ज्या डॉक्टरांकडे नेले त्यांनी मान वर न करता टॉनिक लिहून दिले. मीही काही शहाणी ठरले नाही. पालक वाटून पराठ्यात लपवला, त्याने तो ओळखला, आणि तेव्हापासून पराठाही सोडला.

घरच्या अडचणीमुळे आम्ही बिऱ्हाड हलवून सातारा जिल्ह्यातल्या या गावी आलो आणि दुसरा पर्याय नाही म्हणून मुलाला अंगणवाडीत घातले. हे ‘पर्याय नाही म्हणून’ लिहिताना मला लाज वाटते, पण ते खरे आहे. एक खोली, पत्र्याचे छप्पर, आणि मागे आपली ती परसबाग. हात धुण्याच्या नळाचे पाणी चरातून अळूला आणि पुढे केळीला जाते, कुंपणावर दोडका चढला आहे, आणि भिंतीलगत रंगाच्या रिकाम्या डब्यांना खाली भोके पाडून त्यांत मेथी, लाल माठ, भेंडी. प्रत्येक मुलाचा स्वतःचा डबा. पहिल्या दिवशी त्याने मेथीचे दाणे पेरले आणि दुसऱ्याच दिवशी उगवले का म्हणून सगळी माती उकरून पाहिली. आपण त्याला न रागावता पुन्हा चिमूटभर मेथी दिलीत, हे त्यानेच घरी सांगितले. चौथ्या दिवशी कोंब वर आले, तेव्हा तिन्हीसांजेला तो आजोबांचे धोतर ओढत त्यांना बंद अंगणवाडीच्या मागे घेऊन गेला आणि ‘माझी मेथी’ दाखवून आणली.

आता त्या तळहाताविषयी.

श्रावण सरत आला होता. मी थोडी लवकर पोहोचले आणि दोडक्याच्या वेलाआडून पाहत उभी राहिले. भेंडीला पहिली फळे धरली होती. त्याने आपल्या डब्यातली एक कोवळी भेंडी तोडली आणि कुणी काही न सांगता कच्चीच चावली. ती बुळबुळीत लागल्याबरोबर त्याचे तोंड वाकडे झाले. त्याने घाबरून आपल्याकडे पाहिले, ओठ घट्ट मिटले, आणि गाल फुगू लागला. तो फुगलेला गाल मला ओळखीचा होता. मी पुढे होणार, इतक्यात आपण त्याच्यासमोर उकिडव्या बसलात आणि आपला उजवा तळहात त्याच्या हनुवटीखाली धरलात. म्हणालात, “नाही आवडली तर इथं थुंक.”

तो थुंकला. आपण नळाखाली हात धुतलात, त्याच्या हातातली उरलेली अर्धी भेंडी मागून घेऊन खाल्लीत आणि पुढच्या मुलाकडे वळलात. ‘बघ, किती छान लागते’ असे म्हणाला नाहीत, ‘शहाणा बाळ’ असेही नाही. एवढेच घडले, आणि मी त्या वेलाआड उभी राहून रडले.

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचले. साधारण दोन ते सहा या वयात अनोळखी चवीची भीती वाटणे हा हट्ट नसून वाढीचाच भाग असतो, आणि मुलाने एखादी नवी चव आपलीशी करण्याआधी ती आठ-दहा, कधी पंधरा वेळाही जिभेवर यावी लागते. जबरदस्ती केली की ही मोजणी पुढे सरकण्याऐवजी मागे जाते. जर्मनीत फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने १८४० मध्ये आपल्या शाळेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे ‘मुलांची बाग’, असे नाव दिले, आणि त्या बागेत मुलांचे स्वतःचे छोटे वाफे खरोखरच असत. आपल्याकडे बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डी या गावी काम सुरू केले, ते मुलांच्या अंगणातच शाळा नेण्यासाठी. सरकारची अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ पासूनची. हे सगळे पुण्याच्या त्या बालवाडीच्या चालकांनाही ठाऊक असणार. त्यांच्या माहितीपत्रकात फ्रोबेलचे नाव होते. पण मुलाला थुंकता यावे म्हणून स्वतःचा हात पुढे करणे माहितीपत्रकात बसत नाही, आणि महिन्याला मिळणाऱ्या ज्या रकमेला पगार न म्हणता अजून मानधनच म्हणतात, तिच्यातही ते मोजलेले नसते. डिसेंबर २०२३ मध्ये आपण सगळ्या संपावर गेलात तेव्हा मी पुण्यात होते आणि ती बातमी मी वाचून उलटली होती. आज ती मी तशी उलटणार नाही.

त्या दिवसानंतर तो रोज भेंडी चाखायचा आणि थुंकायचा. कितव्या दिवशी थुंकला नाही, ते मला कळलेही नाही. सासूबाईंचे माहेर कोकणातले, त्यामुळे आमच्याकडे ऋषिपंचमीला ऋषीची भाजी होते; बैलाच्या कष्टाचे काही नको, हाताने परसात पिकवलेलेच हवे. या वर्षी लाल माठ आणि चार भेंड्या त्याच्या डब्यातून आल्या. पानात भाजी पडल्यावर तो बोटाने एकेक तुकडा दाखवत ‘ही माझी, ही पण माझी’ म्हणत राहिला आणि तसे म्हणता म्हणता खात राहिला. घरात कुणी त्याच्याकडे पाहिले नाही. आम्ही सगळे मुद्दाम आपापल्या पानात बघत होतो. सासऱ्यांनी तर मीठ पुढे असूनही मीठ मागितले.

वांगे तो अजून खात नाही, पडवळ पाहून पळतो, आणि मेथी त्याला भाकरीबरोबर कच्चीच लागते, शिजवलेली चालत नाही. त्याबद्दल माझी आता काही तक्रार नाही.

गेल्या आठवड्यात घरी कारल्याची भाजी केली होती. मी लहानपणापासून कारले खात नाही आणि घरात सगळ्यांना ते ठाऊक आहे. त्याने आपल्या ताटातली एक फोड उचलून माझ्या तोंडात घातली, लगेच आपला इवलासा तळहात माझ्या हनुवटीखाली धरला आणि ताई, अगदी आपल्यासारख्या आवाजात म्हणाला, “नाही आवडली तर इथं थुंक.” मी थुंकले नाही, पण ते केवळ आपल्या भिडेखातर.

सोबत सासूबाईंनी वाळवून ठेवलेले गवारीचे बी आणि थोडी अंबाडी त्याच्याबरोबर पाठवते आहे. पुडीवर कशाचे बी ते लिहिलेले नाही, तो सांगेल.

आपली,
मेथीच्या तिसऱ्या डब्यावाल्याची आई