बाबा, फोनवर ‘चालू आहे’ म्हणू नका

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं पण बाबा तिथं फक्त गुड मॉर्निंग बघतात, म्हणून टाईप करून दादाला पाठवतीये, तो प्रिंट काढून देईल.

बाबा, आधी कामाचं. परवा नाशिकहून जो माणूस आपली विकायला काढलेली जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार बघायला आला होता त्यानं आदल्या रात्री तुम्हाला बंगळुरूला फोन केला होता, आणि तुम्ही त्याला सांगितलंत की फक्त बॅटरी लावा, एका सेल्फमध्ये उठेल. तो बिचारा खरंच नवी बॅटरी घेऊन सहकारनगरला आला हो! गाडी शेवटची चालू झाली ती दादाच्या लग्नाआधी, म्हणजे २००९. आता पिस्टन जाम झालेत, क्रँक पान्यानं सुद्धा हलत नाही, मी आणि शेजारचे काका दोघं लटकलो तरी नाही. त्यामुळे मी जाहिरातीत स्पष्ट लिहिलंय, ‘एमजीए १५००, १९५८, बंद, मॉडिफाय केलेली, रिस्टोरेशन प्रोजेक्ट म्हणूनच घ्यावी’. तुम्हाला ‘प्रोजेक्ट’ शब्द झोंबलाय हे दादानं सांगितलं. झोंबू दे.

एमजी म्हटलं की आता लोकांना हेक्टर आठवते, एकानं तर विचारलं की चार्जर सोबत देणार का. पण ज्यांना कळतं ते आले की आधी खिशातनं मॅग्नेट काढतात, पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीये का बघायला. नाशिकवाल्यानं दाराला लावला, चिकटला नाही, बॉनेटला लावला, नाही, डिकीला लावला, नाही, त्याचं तोंड उतरलं. मी म्हणलं अहो दारं, बॉनेट नि डिकी कंपनीतनंच अ‍ॅल्युमिनियमची आहेत, इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातनं तशीच आलीये ती (लहानपणी तुम्ही हे इतक्या वेळा ऐकवलंय की झोपेत पण सांगेन). तो खूश झाला. मग त्यानं पुढच्या मडगार्डला लावला, आणि ते पोलादी म्हणून तिथं चिकटायला हवा होता तर तिथंही घसरून खाली पडला. बाबा, किती लांबी भरलीये त्यात? मी पेचकसानं थोडं खरवडलं तर बोटभर जाडीचा खपला निघाला आणि खाली पत्र्याची नुसती जाळी. पण डॅशबोर्डच्या खाली, जिथं तुमच्या निळ्या रंगाचा ब्रश पोचला नाही, तिथं अजून मूळ लाल दिसतोय, आणि तो इतका सुंदर आहे की निळा का दिलात हे मला तुम्हाला एकदा समोर बसून विचारायचंय.

जाहिरातीत तुम्ही केलेलं सगळं लिहावं लागलं. लपवून काय करणार, दिसतंच. मारुतीच्या सीटा, फियाटचे टेललॅम्प नि ते बसवायला मागनं कापलेला पत्रा, दोन सहा-सहा व्होल्टच्या बॅटऱ्या काढून बारा व्होल्टची एक, वायर व्हील्सच्या जागी साधी डिस्क व्हील्स. फ्लोअरला प्लायवूड आहे ते मात्र तुमचं नाही, ते मुळातच प्लायवूडचं असतं, पण आपलं इतकं कुजलंय की माझा पाय पोटरीपर्यंत खाली गेला. आणि दाराला बाहेरून हँडल. एमजीएला बाहेरून हँडलच नसतं, आत हात घालून दोरी ओढायची, ह्याचा वैताग येऊन तुम्ही गोदरेजच्या कपाटाचं हँडल बसवलंत, एकाच दाराला, आईच्या बाजूच्या. त्या हँडलचा फोटो बघून एका मुंबईवाल्यानं हसण्याच्या सात इमोजी पाठवल्या. मी त्याला ब्लॉक केला.

आता इंजिन. अँबॅसेडरचं इंजिन बघून सगळे नाक मुरडतात, तेव्हा मी त्यांना सांगते की ते परकं नाही, एमजी ज्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची (बीएमसी) तिच्याच बी-सिरीजचं आहे, तेच १४८९ सीसी, फक्त इकडे एसयू कंपनीच्या दोन कार्ब्युरेटरच्या जागी एक. म्हणजे तसं बघितलं तर तुम्ही शहाणपणाच केला होता, हे मी पहिल्यांदा लेखी देतीये, जपून ठेवा. पण घेणाऱ्याला मूळ इंजिन हवं असतं. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात असेल तरच व्हिंटेज म्हणून नोंदता येते, नंबरात ‘व्हीए’ मिळतं, वीस हजार फी, दहा वर्षं मुदत. आपल्या गाडीचं इंजिन बदललेलं, पत्रा कापलेला, ती आहे तशी त्यात बसवायची म्हणजे अवघडच. म्हणून प्रत्येक जण विचारतो, ओरिजनल ब्लॉक (ज्यात पिस्टन चालतात ते इंजिनाचं मुख्य धड) आहे का, आणि तुम्ही प्रत्येकाला फोनवर सांगता ‘आहे ना, सांभाळून ठेवलाय’. कुठं? मी माळा उपसला, गॅरेज उपसलं, नाना पेठेत तुमच्या त्या जुन्या मेकॅनिकच्या पोराला गाठलं, तो म्हणाला साहेब तेव्हाच टेम्पोत घालून घरी घेऊन गेले.

आई, आता हे तुझ्यासाठी. बिल्डरला ताबा द्यायचा म्हणून रविवारी मी कुंड्या हलवत होते, सोनचाफ्याची मोठी कुंडी ज्या काळ्या ठोकळ्यावर होती तो ठोकळा हलेना, पाणी मारून माती काढली तर चार गोल भोकं! मी तिथंच फरशीवर बसून हसले. पस्तीस-एक वर्षं तू ब्लॉकवर चाफा वाढवलास गं. तडा स्पष्ट दिसतोय, पण नंबरची पट्टी शाबूत आहे आणि तो चेसिसच्या कागदाशी जुळतोय. (कात्रजच्या घाटात तापलेल्या इंजिनात गार पाणी कुणी ओतलं, ह्यावर तुमच्या दोघांच्या कहाण्या वेगळ्या आहेत, मी कुणाची बाजू घेणार नाही.) तडा शिवणारे लोक आहेत म्हणे, नाशिकवाला ते फोटो बघून परत फोन करायला लागलाय, आणि मी दहाचे बारा लाख केलेत.

तर बाबा, तीन गोष्टी. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ नि ३० दादाकडे पाठवलेत, आरसी बुकावर आहे तश्शीच सही करा, हल्लीची थरथरणारी नको, दोन दिवस सराव करा हवं तर. दोन एसयू कार्ब्युरेटर कुठं आहेत ते आठवून सांगा, आई म्हणेल माहीत नाही पण तिला माहीत असणार. आणि नाशिकहून फोन आला तर गप्पा मारा, कात्रजची गोष्ट सांगा, फक्त ‘चालू आहे’ म्हणू नका.

ते हँडल मी काढून घेतलंय. गाडीबरोबर देणार नाही.

आई, चाफा सध्या चार विटांवर आहे, थोडा कलता आहे पण दोन कळ्या आल्यात. गुडघ्याचे व्यायाम चुकवू नकोस.

तुमची,
ताई