शौलाचे घराणे गिलबोवावर संपले नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला इस्राएलाचा पहिला राजा शौल याच्यावरचा लेख आवडला. गिलबोवाच्या डोंगरावरची पलिष्टी शत्रूंशी झालेली त्याची शेवटची लढाई लेखकाने फार ताकदीने उभी केली आहे. मात्र त्या दिवशी शौल निर्वंश झाला, हे लेखातले विधान बरोबर नाही. त्यामुळे एका लढवय्या कुळावर अन्याय होतो. त्या कुळाचे नाव एरवीही कोणी घेत नाही, म्हणून हे पत्र.

लेखकाचा असा समज का झाला असावा, ते कळते. बायबलमधल्या इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात, १०व्या अध्यायात, शौल, त्याचे तीन मुलगे आणि त्याचे सगळे घराणे एकदमच मेले असे लिहिले आहे. पण त्याच पुस्तकात दोनच अध्याय मागे शौलाची वंशावळ आहे. नुसती नावांमागून नावे असल्याने चर्चमध्ये ती सहसा कोणी वाचत नाही. शौलाचा योनाथान, योनाथानाचा मरीब-बाल, त्याचा मीखा, अशी ती उतरत जाते आणि शौलापासून १३व्या पिढीला ऊलामपाशी पोहोचते. ऊलामचे मुलगे शूर वीर होते, तिरंदाज होते, त्यांना पुष्कळ मुले-नातवंडे होती, सगळे मिळून १५०. एवढेच. ते कुठे लढले, कोणत्या राजाच्या पदरी होते, काही नाही. पुढच्याच अध्यायात हीच वंशावळ पुन्हा येते, तिथे तर ऊलामची शाखाच गाळली आहे.

पण ऊलामची ही शाखा कुणाच्या वंशात आली आहे, ते पाहा. मरीब-बाल म्हणजेच मफीबोशेथ. गिलबोवाची बातमी आली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. दाई त्याला उचलून पळाली, घाईत तो पडला आणि दोन्ही पायांनी जन्माचा अधू झाला. पुढे शौलाच्या वंशातल्या सात जणांना, शौलाने ज्यांचे लोक मारले होते त्या गिबोनकरांच्या हाती दिले गेले, तेव्हाही हा वाचला, कारण शौलानंतर राजा झालेला दावीद आणि त्याचा जिवलग मित्र योनाथान परमेश्वरासमोर शपथेने बांधले गेले होते. योनाथान स्वतः धनुर्धारी. त्याने आपले धनुष्य दाविदाला देऊन टाकले होते, बाण मारून त्याला धोक्याची खूण केली होती. गिलबोवावर शौलाला गाठले तेही पलिष्ट्यांच्या तिरंदाजांनीच. त्याच घरात पुढे १५० तिरंदाज निपजावेत, हे मला फार मोठे वाटते.

ही विद्या चार दिवसांत येणारी नव्हे. लाकूड, शिंग आणि जनावराचे स्नायू एकमेकांवर चिकटवून केलेले धनुष्य काम नसताना दोरी उतरवून ठेवत. दोरी चढवायची तर त्याच्यावर पाय देऊन सगळे अंग टाकावे लागे. असा हात लहानपणापासून बसवावा लागतो. तिरंदाज म्हटल्याबरोबर मुला-नातवांचा उल्लेख येतो, तो मला म्हणूनच उगाच आलेला वाटत नाही. शौल ज्या बन्यामिनाच्या वंशातला, तो वंशच यात नावाजलेला होता. सिकलाग गावी दाविदाला येऊन मिळालेले शौलाचे भाऊबंद उजव्या-डाव्या दोन्ही हातांनी गोफण आणि बाण मारत. पुढे यहूदाच्या आसा राजाच्या फौजेत ढाल बाळगणारे आणि धनुष्य चालवणारे बन्यामिनी २,८०,००० होते, असे पवित्र शास्त्र सांगते.

इतिहासाचे हे पुस्तक यहूदी लोक बाबेलात बंदिवासात नेले गेले, त्यानंतरचे. त्याचा सगळा जीव दाविदाच्या घराण्यात आणि यरुशलेमच्या मंदिरात. तरीही लिहिणाऱ्याने गादीवरून गेलेल्या राजाच्या वंशाची पिढ्यान्‌पिढ्यांची नावे जपून ठेवली. आपल्या घराण्यावरची दया कधीही तोडू नकोस, असे योनाथानाने दाविदाकडे मागितले होते. शौल निर्वंश झाला म्हटले, तर ते मागणे फुकट गेले असे होते. ऊलामचे १५० वंशज म्हणजे ते मागणे फळल्याचा पुरावा आहे. मी संडे स्कूलमध्ये शिकवते. दावीद आणि योनाथानाच्या मैत्रीची गोष्ट तिथे दरवर्षी होते. ती गोष्ट या तिरंदाजांपर्यंत न्यायला हवी, असे मला मनापासून वाटते.

आपल्या लेखमालेचा पुढचा भाग दाविदावर आहे. त्यात मफीबोशेथ येईलच. तेव्हा मागच्या लेखातली चूक दुरुस्त करावी आणि ऊलामच्या कुळासाठी दोन ओळी राखून ठेवाव्यात, ही विनंती.

आपली,
एक वाचक, अहिल्यानगर