अक्षरे मोठी करा, टीव्ही नव्हे

महोदय,
व्हिडिओ गेम कंपन्यांनी जुन्या टीव्हीचा विचार आता सोडून द्यावा, हे रविवारच्या पुरवणीतील लेखाचे मत अर्धेच पटते. जुन्या टीव्हीला जोडायच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची सोय सोनीच्या प्लेस्टेशन ४ या गेम-यंत्रापासूनच (२०१३) गेली. ती परत मागण्यात अर्थ नाही. खरी अडचण पडद्यावरच्या बारीक अक्षरांची आहे.

एचडीएमआय-टू-एव्ही कन्व्हर्टर (नव्या यंत्राचे चित्र जुन्या पिनांतून देणारी डबी) लावून डबा टीव्हीवर गेम दिसतो, पण १०८० रेषांचे चित्र ५७६ रेषांत कोंबले जाते. मूळ चित्रात २४ पिक्सेल (म्हणजे २४ रेषा) उंचीचे अक्षर जेमतेम १३ रेषांचे उरते. त्यातल्या बारीक आडव्या रेघा लुकलुकतात, आणि कडेचा नकाशा किंवा गोळ्यांचा आकडा काचेच्या चौकटीआड जातो.

हा प्रश्न फक्त डबा टीव्हीचा नाही. नाशिकच्या सिडको, सातपूरमधल्या घरांत भिंतीवर असलेल्या ३२ इंची 'एचडी रेडी' टीव्हीला बहुधा ७६८ रेषाच असतात. पलंगावरून संवाद वाचता येत नाहीत, त्याचे हेही एक कारण. अक्षरांचा आकार आणि कडेची मोकळी जागा बदलण्याचे दोन पर्याय प्रत्येक गेममध्ये, तेही पहिला संवाद सुरू होण्याआधी, द्यावेत. काही गेममध्ये ते आहेतच, म्हणजे अशक्य नक्कीच नाही.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक