बाटलीच्या मापाला बंदी कशासाठी?

महोदय,

अमेरिकेत १९३३ साली देशव्यापी दारूबंदी उठली आणि मद्यविक्रीचे नियम ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे गेला. उत्पादक, घाऊक व्यापारी आणि किरकोळ विक्रेता हे वेगवेगळेच असावेत, असा दंडक बहुतेक राज्यांनी घातला. बड्या कंपन्यांनी गुत्ते आपल्या मुठीत ठेवू नयेत, हा हेतू रास्तच होता. पण त्याची झळ छोट्या ब्रूअरींना बसली. टेक्सासमध्ये २०१९ पर्यंत बिअर बनवणाऱ्या कारखान्याला स्वतःच्या दारात आलेल्या गिऱ्हाइकालाही घरी न्यायला बिअर विकता येत नव्हती. फ्लोरिडात ग्राउलर, म्हणजे बिअर पुन्हा पुन्हा भरून नेण्याची बाटली, ३२ औंसांची चाले, १२८ औंसांचीही चाले, मात्र इतरत्र सर्रास वापरली जाणारी ६४ औंसांची (सुमारे १.९ लिटर) २०१५ पर्यंत बेकायदा होती! यात ग्राहकाचे हित कुठे आले?

अशी बिअर भरून विकायला परवाना जरूर असावा. वयाची खातरजमा कडकच हवी आणि बाटली वाटेत उघडली तर लगेच कळेल असे सीलही हवे. पण नळावरून भरलेल्या बिअरला हवा लागली की काही दिवसांतच तिची चव उतरते, फेस मरतो. उन्हात ठेवली तर हॉप्समुळे, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमुळे, उग्र वास येतो. तेव्हा नियम करायचाच तर गडद काचेचा, लेबलवर भरल्याची तारीख आणि ‘थंड ठेवा’ ही सूचना छापण्याचा करावा.

— एक वाचक