जुनी क्यू विकायच्या आधी

पुणे, 12 नोव्हेंबर

चि. ओंकार यास
अनेक उत्तम आशीर्वाद.

पूल या टेबलावरच्या खेळाच्या क्यूचे, म्हणजे काठीचे, फोटो पाहिले. पुढच्या रविवारपर्यंत घासूनपुसून, नवं लॅकर मारून ती चकाचक करायची आणि मग जाहिरात टाकायची, असा तुझा बेत दिसतोय. तेवढं करू नकोस. जुन्या कस्टम क्यूचं गिऱ्हाईक मूळ लॅकरला पैसे मोजतं. पिवळट पडलेलं, बारीक जाळीसारखं तडकलेलं लॅकर त्याला खोट वाटत नाही, तो त्याच्या दृष्टीने वयाचा दाखला.

बट, म्हणजे क्यूचा मागचा जाड भाग, घासली की बिघडतं काय, ते सांगते. लाकूड झिजतं, पण बट जिथे पुढच्या बारीक शाफ्टला जोडते त्या जॉइंटची स्टीलची कॉलर झिजत नाही. मग दोन्ही जिथे भेटतात तिथे पायरी पडते. ती डोळ्यांना दिसणार नाही, पण नख अडकतं. लाकूड आटल्यामुळे थोडी पायरी जुन्या क्यूला असतेच, पण घासलेल्या क्यूची पायरी गोलभर आणि जास्त असते. दुसरं म्हणजे पॉइंट, बटमध्ये बसवलेली लाकडाची टोकदार नक्षी. एका बाजूने लाकूड जास्त गेलं की चार टोकांपैकी एक खाली सरकतं. लॅकरखाली सही असेल तर ती पहिल्या दहा मिनिटांतच जाते.

म्हणून आधी नुसतं मोजमाप. खिडकीच्या उजेडात फोटो काढ: पूर्ण क्यू, जॉइंटची दोन्ही तोंडं, पिन, रिंगा, रॅपची (मुठीवर गुंडाळलेल्या दोऱ्याची) दोन्ही टोकं, खालचा बंपर. दोऱ्यावरचे डाग आणि ठोकेही काढ. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बट वेगळी, शाफ्ट वेगळा ठेव. पूर्ण क्यू साधारण 510 ते 595 ग्रॅम भरते, त्यात शाफ्टचे 100 ते 125. लांबी बहुधा 58 इंच असेल. टिपेजवळचा, म्हणजे पुढच्या चामड्याच्या टोकाजवळचा, व्यास व्हर्निअरने घे. 13 मिमीच्या आसपास आला तर शाफ्ट फारसा घासलेला नाही. 12.5 च्या खाली असेल तर आधी कुणीतरी तो घासलेला आहे, नाहीतर तो मुळातच तसा करून घेतलेला आहे. आकडा जाहिरातीत जसाच्या तसा दे.

क्यूला कारागिराचं नाव लावायची घाई नको. ब्रुकलिनचे जॉर्ज बालाबुष्का 1959 पासून 1975 साली जाईपर्यंत क्यू बनवत होते. सुरुवातीला ते ब्रन्सविक कंपनीच्या तयार टायटलिस्ट क्यूचा पॉइंटवाला भाग वापरत, पुढे बर्टन स्पेन आणि गस झाम्बोटी यांच्याकडून ब्लँक, म्हणजे पॉइंट बसवलेले कच्चे बट, घेत. म्हणजे एकाच्या हातचे पॉइंट दुसऱ्याच्या क्यूमध्ये सहज सापडतात. नुसते पॉइंट पाहून 'ही अमक्याची' म्हणालास, तर पहिला जाणकारच तुला उघडा पाडेल.

सरळपणा बघताना बट आणि शाफ्ट सुटे सुटे काचेवर लोळव. ओटा वापरू नकोस, ग्रॅनाइट दिसतं तेवढं सपाट नसतं. दोन्ही सुटे सरळ आणि जोडून लोळवल्यावर मात्र काच आणि क्यूच्या मधे उजेड उघडझाप करत असेल, तर बहुतेक जॉइंटच्या तोंडावर जुना मळ बसलेला आहे. तो लाकडी टूथपिकने काढ, पिनचे आटे सुक्या टूथब्रशने. तेलाचा थेंबही नको, लाकूड तो पिऊन घेतं. शाफ्टच वाकडा असेल तर हेअर ड्रायर किंवा वाफ देऊन सरळ करायचे उद्योग करू नकोस. आठ दिवस सरळ राहतो, मग गिऱ्हाइकाच्या घरी परत वाकतो. 'थोडा बाक आहे' असं लिहून मोकळा हो. बट तळहातावर आपट आणि कान दे. आत झर्र असा आवाज आला तर वजनाचा बोल्ट, पिन किंवा एखादा जोड सैल आहे. ते काम लेथवर बसणाऱ्या क्यूवाल्याचं आहे, आपलं नव्हे.

आता शाफ्ट. इथेच खरं काम आहे आणि इथेच हात आवरायचा आहे. निळसर दिसतो तो चॉक लाकडाच्या छिद्रांत बसलेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल पांढऱ्या सुती फडक्यावर घे, फडकं ओलसर हवं, ठिबकणारं नको. एका दिशेने पुसत जा आणि फडक्याची घडी सतत बदल, नाहीतर तोच निळा रंग पुढे पसरतो. पाच-सहा वेळा पुसून जेवढं निघेल तेवढं निघालं. उरलेली सावली राहू दे. हे अल्कोहोल बटला मात्र लागता कामा नये, जुनं लॅकर त्याने मऊ पडून चिकट होतं. बटला एक थेंब भांड्यांचा साबण टाकलेल्या पाण्यात पिळलेलं मायक्रोफायबर, आणि लगेच कोरडं फडकं.

दबलेल्या खड्ड्यावर पाण्याचा एक थेंब ठेवून पाच मिनिटं थांब. मग ओलसर फडक्याची एक घडी ठेवून चमच्याची गरम पाठ दोन-तीन सेकंद टेकव. दबलेले तंतू फुगून वर येतात. तंतू तुटले असतील, म्हणजे कडा तीक्ष्ण लागत असेल, तर मात्र काही होत नाही. फेरूलपासून, म्हणजे टिपेखालच्या पांढऱ्या कड्यापासून, दोन इंच लांबच राहा, उष्णतेने आतला गोंद सुटतो. पूर्ण वाळल्यावर फक्त त्या जागी 2000 नंबरचा पॉलिश पेपर तीन-चार वेळा फिरव. पूर्ण शाफ्टवर नको.

मग पातळ चपडा: मेण काढलेली लाख 10 ग्रॅम, 100 मिली स्पिरिटमध्ये रात्रभर. लाख बोहरी आळीत मिळेल, पण 'मेण काढलेली' असं सांगून माग. एकच हात, फडक्याने. पावसाळ्यात हे काम करायचं नसतं, दमट हवेत लाख पांढुरकी धरते. आत्ताची कोरडी हवा बरी आहे. तासाभराने चामड्याच्या तुकड्याने जोरात घास, शाफ्ट कोमट लागेपर्यंत.

रॅपचा दोरा आयरिश लिननचा आहे. मळला असेल तर काचेच्या गुळगुळीत बाटलीने दाबून घास, तंतू बसतात आणि निम्मा मळकटपणा जातो. सुटलेलं टोक गोंदाच्या थेंबाने बसव. नवा रॅप घालायला 12 इंचांसाठी 35 ते 40 मीटर दोरा लागतो, तोही लेथवर सारखा ताणून. तो खर्च तू करू नकोस. जुना दोरा शाबूत असेल तर त्यालाच किंमत आहे.

टीप मात्र बदल, झिजलेल्या टिपेने फेरूलची कड बसते. पण जवळच्या स्नूकर पार्लरमध्ये देऊ नकोस. स्नूकरच्या टिपा 9-10 मिमीच्या, तिथल्या सवयीने कुणी तुझा 13 चा शाफ्ट बारीक केला तर परत जाड होणार नाही. घरीच कर. फेरूलभोवती मास्किंग टेपचे दोन फेरे, जुनी टीप ब्लेडने काप, फेरूलचं तोंड 320 च्या पेपरवर सपाट कर, टिपेची पाठ खरखरीत कर, जेलवाला सुपरग्लू, आणि पाच मिनिटं दाब. कडा ब्लेडने काप आणि वरचा गोलावा रुपयाच्या नाण्याच्या कडेइतका ठेव.

टीप निघाली की फेरूलचा वरचा काप नीट बघ. एकमेकांना छेदणाऱ्या बारीक कमानींची जाळी दिसली तर तो हस्तिदंत आहे. तापलेली सुई टोचून बघायची पद्धत आहे, ती वापरू नकोस, कायमचा डाग राहतो. आपल्याकडे हस्तिदंताची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर आफ्रिकी हत्तीचा दातही त्यात आला. तशी शंका आली तर वनविभागाला विचारल्याशिवाय जाहिरात टाकायची नाही. परदेशी पाठवणार असशील तर बटचं लाकूडही विचारून घे. ब्राझिलियन रोजवूड 1992 पासून साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात आहे.

बंपरचा रबर कडक झाला असेल तर नवा लाव, आणि जुना पुडीत घालून क्यूबरोबर दे. पाठवताना बट आणि शाफ्ट वेगवेगळे गुंडाळून तीन इंची पीव्हीसी पाइपात घाल, दोन्ही टोकांना फोम. नळाच्या दुकानात पाइप 80 सेंटीमीटरचा कापून माग, झाकणं त्यालाच बसतात.

व्हर्निअर कपाटाच्या खालच्या खणात आहे. वापरून झालं की पुसून ठेव.

तुझी
आई