सुजेची वाट बघू नकोस

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा बॅग भरताना म्हणालास, "आई, हिमोफिलियाचं मला सगळं माहितीये." माहितीये रे. पण सातवीचं गॅदरिंग आठवतं? डावा घोटा सकाळपासून गरम लागत होता, आत मुंग्या येत होत्या, आणि नाचातून काढतील म्हणून तू दिवसभर ब्र काढला नाहीस. रात्री मोजा निघेना. पुढे वर्षभर त्याच घोट्यात पुन्हा पुन्हा रक्त उतरत राहिलं. सांध्यात साचलेलं रक्त आतलं अस्तर सुजवतं, कूर्चा खातं, आणि तो सांधा मग जरा निमित्त मिळालं की भरतो. म्हणून हॉस्टेलवर एकच पाळ: मुंग्या आल्या की आधी फॅक्टर, म्हणजे तुझ्या रक्तात कमी असलेल्या, रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचं इंजेक्शन, मग फोन. सुजेची वाट बघायची नाही.

तू दीड महिन्याचा असताना लस दिलेली मांडी दगडासारखी झाली होती. "होतं असं" म्हणून आम्हाला घरी पाठवलं. रांगायला लागलास तर गुडघ्यांवर काळेनिळे डाग. शेजारच्या काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मारता का गं बाळाला?" तेव्हा मी खूप रडले. शेवटी तपासण्या झाल्या. प्लेटलेट नॉर्मल; रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणाऱ्या दोन चाचण्यांपैकी पीटी नॉर्मल, एपीटीटी मात्र लांबलेला. मुंबईहून रिपोर्ट आला: फॅक्टर आठ १ टक्क्याहून कमी, म्हणजे हिमोफिलिया ए, तीव्र. त्या रात्री आजीने पहिल्यांदा तोंड उघडलं. तिचा धाकटा भाऊ दात पडल्यावर रक्त न थांबून गेला होता. घरात देवीचा कोप म्हणून ते झाकलेलं.

हा दोष एक्स गुणसूत्रावरचा. आजीकडून माझ्याकडे, माझ्याकडून तुझ्याकडे. बरीच वर्षं मला वाटायचं, मीच तुला हे दिलं. आमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, हा आजार असलेल्या साधारण एक तृतीयांश मुलांच्या घराण्यात तो आधी कुणालाच नसतो, तिथे कुणाला दोष देणार? तेव्हापासून ते ओझं हलकं झालं. तायडीकडे हा दोष असण्याची शक्यता निम्मी आहे. तिची तपासणी लग्नाआधी परळच्या केईएमच्या आवारातल्या रक्ताच्या आजारांवरच्या राष्ट्रीय संस्थेत करून घेऊ, आणि ते लपवायचं नाही. उद्या तुझ्या मुलग्यांना तुझ्याकडून हा आजार जाणार नाही, पण प्रत्येक मुलगी वाहक असेल, म्हणजे तिच्याकडून तो पुढे जाऊ शकेल. हे लग्नाच्या बैठकीत तू स्वतः सांगायचंस.

मित्रांनाही सांग. तुझं रक्त इतरांपेक्षा जोरात वाहत नाही, फक्त थांबायला वेळ लावतं. एवढं कळलं की कुणी घाबरत नाही. रूममेटला निदान दोन गोष्टी पाठ करून दे. डोक्याला मार लागला तर आधी फॅक्टर, स्कॅन नंतर, तू "बरा आहे" म्हणालास तरी. आणि डोकेदुखीला अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन नाही, पॅरासिटामॉल चालेल. दंडाच्या स्नायूत इंजेक्शन कुणी देऊ लागलं तर हात मागे घे.

तुझं वजन ५२ किलो. किलोमागे एक युनिट दिलं की फॅक्टर आठ साधारण २ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे १००० युनिटांत ३८ टक्क्यांच्या आसपास. पण ८ ते १२ तासांत तो निम्मा होतो, म्हणून दुसरा डोस चुकवू नकोस. फॅक्टरची बाटली जोरात हलवायची नाही, तळहातांत हळू फिरवायची, फेस होऊ द्यायचा नाही. हे तुझ्या बाबांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर किती वेळा करून दाखवलंय! उजव्या हाताची शीर सारखी टोचून कडक झालीय, तिला आराम दे, बटरफ्लाय सुई डाव्या हाताला लाव. नेहमीचा डोस घेऊनही रक्त थांबेना तर इनहिबिटर, म्हणजे दिलेला फॅक्टर निकामी करणारं प्रतिपिंड, तपासून घे, तीव्र ए असलेल्यांत बऱ्याच जणांना तो होतो. कातडीखाली टोचायचं एमिसिझुमॅब हे औषध मिळू लागलं तर सोनंच, पण पडलास-झडलास तर त्याच्यावरही फॅक्टर लागतोच.

पोहायला जा, नक्की जा. सांध्याभोवतीचे स्नायू बळकट हवेत. कबड्डी नको, हे मी हात जोडून सांगते.

थर्मासमध्ये बर्फाच्या पिशव्या आहेत, मध्ये टॉवेल गुंडाळलाय, बाटल्या बर्फाला चिकटू देऊ नकोस, गोठल्या की वाया. पोचल्या पोचल्या रेक्टरसरांना फ्रीजचं विचार. लाडवांचा डबा नंतर उघड.

तुझी,
आई