रात्री नऊच्या फोनची दखल घेणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर प्रणाम.

हे पत्र आपल्या हाती न देता सर्वांसमोर लिहीत आहे, कारण वडिलांच्या दारूविषयी घराबाहेर अवाक्षर काढायचे नाही, या वळणात वाढलेली शिवाजी विद्यापीठाच्या आवारातली मी एकटीच मुलगी नव्हते, हे आता मला पक्के ठाऊक झाले आहे.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी रोज रात्री नऊ वाजता मी वसतिगृहाच्या जिन्यात उभी राहून आईला फोन करीत असे. "आलेत का?" एवढेच मी विचारी, आणि तिच्या नुसत्या "हं"वरून घरची रात्र कशी जाणार, ते मला कळे. बाहेर कोणी मोटारसायकल स्टँडला लावली, की माझी झोप उडे. बाबा चाळीस किलोमीटरवर गावी आहेत, हे मनाला समजे, पण अंगाचा थरकाप थांबत नसे. गुण घसरले, तेव्हा बहुतेकांनी अभ्यास वाढवायला सांगितले. आपण मात्र विचारलेत, "झोप किती तास होते?" मला रडू कोसळले. आपण दार लोटून घेतलेत आणि पुढचा तास दुसऱ्या सरांकडे सोपवलात.

दिवाळीच्या सुट्टीत बाबांना खोलीत कोंडून त्यांची दारू बंद करायची, असे मी आणि धाकट्या भावाने ठरवले होते. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली, तर झटके येऊ शकतात, दोन-चार दिवसांत भ्रम होऊन प्रसंग जिवावर बेतू शकतो, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी लागते, हे आपण सांगितले नसते, तर आमच्या हातून काय घडले असते, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

मद्यपींच्या घरच्यांसाठी १९५१ साली अमेरिकेत सुरू झालेल्या आधारगटात, म्हणजे अल-अ‍ॅनॉनमध्ये सांगतात ती गोष्ट आपण माझ्या प्रॅक्टिकलच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून दिलीत: हे व्यसन मी लावले नाही, ते मला आवरता येणार नाही आणि बरेही करता येणार नाही. यातले शेवटचे मला कित्येक दिवस पटले नाही. थोरल्या मुलीने असे मानणे म्हणजे बापाला वाऱ्यावर सोडणे, असे वाटे. समुपदेशकांसमोर बसायला मी कचरत होते, तेव्हा आपण २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिलात. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, आणि मराठीत बोलता येते. रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून मी तो लावला. बराच वेळ शब्द फुटला नाही, तरी पलीकडच्या ताईंनी फोन ठेवला नाही.

बाबांची दारू सुटलेली नाही. एकदा ते डॉक्टरांकडे आले, पुढच्या वेळी आले नाहीत. आईला मी आता सकाळी फोन करते आणि तिच्या गुडघ्याची चौकशी करते.

आपल्या त्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी माझ्याकडून राहून गेले होते. सध्या साडेसहा तास होते, मॅडम.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी, कोल्हापूर